विहीर बघावी वैशाखात

गेल्या जानेवारीतली गोष्ट आहे. गुहागरजवळच्या एका वाडीत आम्ही उभयता चार दिवसांसाठी उतरलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो, त्यांच्या आगराच्या टोकाला त्यांच्या चुलत्यांचे एक जुने, चिऱ्याचे, कौलारू घर रिकामे पडून होते आणि ते विकायचे आहे असे कळल्यामुळेच आम्ही एवढ्या लांबून गेलो होतो. पहिल्या दिवशी जेवणे झाल्यावर मागच्या पडवीत हात धुताना माझ्या पत्नीने पाहिले की तिथला नळ थेंबथेंब गळतो आहे. तिने तो पिळून घट्ट केला. तरी थेंब थांबेना, तेव्हा कोपऱ्यातली एक बादली ओढून तिने नळाखाली लावली. हे सारे तिने इतक्या सहजपणे केले की माझ्या ते लक्षातही आले नाही. घरच्या काकूंच्या मात्र आले. त्या हसून म्हणाल्या, "राहू दे हो वहिनी, पाणी कुठे पळून जातंय?"

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. पाहुण्या बाईने कामाला हात लावू नये, एवढाच त्यामागचा भाव होता. आणि खरोखरच, मागच्या दारी डोकावले तर आपला चेहरा दिसावा इतकी भरलेली विहीर, तिच्यापलीकडे पाटाच्या पाण्यावर गारेगार झालेले सुपारीचे आगर आणि त्याच्याही पलीकडे अख्खा अरबी समुद्र असताना एका गळक्या नळाचे ते काय कौतुक? पत्नीही हसली आणि बादली पुन्हा भिंतीशी नेऊन ठेवून आली. पण रात्री मच्छरदाणीत शिरल्यावर ती बराच वेळ जागी होती. पडवीतून थेंब पडल्याचा आवाज नियमाने येत होता आणि त्याच्यामागे, लांबून, लाटांचा. "ऐकलं का," ती अंधारात म्हणाली, "यांच्याकडं पाणी पळून जात नाही म्हणं." मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने ती उठून पडवीत गेली आणि फरशीवरून बादली सरकवल्याचा आवाज मला ऐकू आला.

आम्ही अंबाजोगाईचे. भूगोलाचा शिक्षक म्हणून तीस-बत्तीस वर्षे नोकरी करून मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो, त्यालाही आता तीन वर्षे होत आली. आमच्या घरात नळाला पाणी आठवड्याने, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा येते आणि येते ते पहाटे, त्यामुळे गेली कित्येक वर्षे आमच्या घराचा दिवस पहाटे चार वाजता, गजर न लावता, सुरू होतो. टाकीवर बोटाच्या पेराने टकटक केली की आत किती पाणी उरले आहे ते पत्नीला सांगता येते. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला, भाजी धुतलेले कढीपत्त्याला आणि कपड्यांचे शेवटचे पाणी अंगणात सड्याला, हे तिला कुणी शिकवलेले नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा देशभरच्या लोकांनी ती गाडी दूरदर्शनवर पाहिली. आम्हाला ते दृश्य पाहून नवल वाटले नाही, कारण ज्या मांजरा धरणावर लातूरची तहान भागते त्याच धरणावर आमचीही भागते, आणि त्या उन्हाळ्यात धनेगावला जाऊन मी त्या धरणाच्या कोरड्या तळात उतरून चाललो होतो. भेगा इतक्या रुंद होत्या की त्यांत चप्पल अडकत होती. एके ठिकाणी शिंपल्यांचा खच पडला होता. त्यातला एक मी खिशात टाकून घरी आणला आणि तो अजून माझ्या टेबलावर आहे.

समुद्राकाठी जाऊन राहावे हा विचार नेमका केव्हा मनात आला, हे मला सांगता यायचे नाही.

माझी माय कधी समुद्र पाहू शकली नाही. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. माय रोजगार हमीसारख्या त्या कामांवर खडी फोडायला जायची आणि आम्हाला शाळेत सुकडी मिळायची. तिचा गोडसर, भाजका वास अजून कधी कुठल्या गिरणीपाशी अचानक भेटतो आणि पोटात खड्डा पडतो. पुढे मी नोकरीला लागल्यावर एका नाथषष्ठीला मायला पैठणला घेऊन गेलो. नाथांचे दर्शन झाल्यावर तिला धरणावर नेले. जायकवाडीची भिंत जवळपास दहा किलोमीटर लांबीची आहे, आणि त्या वर्षी पाणीही बरे होते, फाल्गुन असून पलीकडचा काठ दिसत नव्हता. वाऱ्याने बारीक लाटा भिंतीच्या दगडांवर येत होत्या. माय बराच वेळ पदर सावरत उभी राहिली, मग तिने वाकून हात जोडले आणि मला विचारले, "हाच का रे समुंदर?" आम्हा मराठवाड्याच्या लोकांना धरणांना सागर म्हणायची हौस आहे, हाही नाथसागरच. भूगोलाच्या शिक्षकाने त्या वेळी काय सांगायला हवे होते, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, "हो माय, हाच." तिने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले. ते गोड लागले का, हे मी तिला विचारले नाही.

आणि मी स्वतः समुद्र पाहिला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी, १९९८ साली, शाळेची सहल घेऊन गणपतीपुळ्याला गेलो तेव्हा. तोवर आठ वर्षे मी फळ्यावर खडूने महाराष्ट्राचा ७२० किलोमीटरचा किनारा काढत आलो होतो, खाड्यांची नावे पाठ करून घेत आलो होतो आणि भरती-ओहोटीची कारणे तीन गुणांसाठी लिहून देत आलो होतो. ही गोष्ट मी मुलांना सांगितली नाही. त्यांच्याबरोबर मीही प्रथमच पाहतो आहे हे कळू नये, म्हणून हातात शिट्टी घेऊन मी उगाच कडक चेहऱ्याने उभा राहिलो. परतीच्या वेळी एका मुलाने पाण्याची बाटली समुद्रात बुडवून भरून घेतली. "अरे, खारं आहे ते, काय कामाचं?" असे मी म्हटले, तेव्हा तो म्हणाला, "असू द्या सर, बघायला तरी असू द्या." रात्रभर एसटीत ती बाटली त्याच्या मांडीवर होती. आज तो मुलगा आमच्याच गावात बोअर मारण्याच्या गाडीवर काम करतो.

निवृत्तीनंतर मी एक शंभर पानी वही केली आणि तिच्यात किनाऱ्यावरच्या गावांची पाने पाडली. शिक्षकाची खोड; माणूस पेन्शनीत गेला तरी ती जात नाही. अलिबागचे पान पहिल्या आठवड्यातच फाडावे लागले. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी बोट सुरू झाल्यापासून ते मुंबईचे अंगण झाले आहे आणि तिथल्या जागेचे भाव निवृत्त शिक्षकाने ऐकू नयेत हेच बरे. मालवणच्या दक्षिणेला देवबाग पाहून आलेला एक मित्र त्याचे इतके वर्णन करी की मीही मोहात पडलो होतो, पण एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर, जिथली वाळू लाटा दरवर्षी ओढून नेतात, तिथे जाऊन म्हातारपणी घर बांधणे हे माझ्यातल्या भूगोलाच्या मास्तराला पटेना. दापोलीकडे, केळशीच्या बाजूला आम्ही प्रत्यक्ष गेलो. तिथे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आडव्या झालेल्या बागांच्या जागी लावलेली रोपे पुरुषभर उंच होत आली होती. नारळ-सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे सत्तरीच्या एका बागायतदाराने पुन्हा खड्डे खणून रोपे लावली होती ती कुणासाठी, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही आणि त्यानेही मला, तुम्ही या वयात घर कुणासाठी घेता, असे विचारले नाही.

गुहागर निश्चित होण्यामागे मात्र देवीचा हात होता. आमच्या गावची योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी चित्पावन घराण्यांची कुलस्वामिनी. दंतकथा अशी की देवी मूळची कोकणातली, परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले, वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला. वऱ्हाडी जागच्या जागी दगडाचे झाले आणि देवी कुमारिकाच राहून आमच्या गावात थांबली. परत काही गेली नाही. गावातल्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असते, पण कोकणातून दर्शनाला येणाऱ्या माणसांकडे पाहिले की ती पुन्हा आठवते. घामेजलेली, पांढऱ्या धोतरातली, उन्हाने डोळे बारीक केलेली ती मंडळी देवळाच्या ओट्यावर बसून ताक पितात आणि "कोरडं हो फार तुमच्याकडे" असे म्हणतात. असेच एक काका काही वर्षांपूर्वी ओळखीतून आमच्या घरी मुक्कामाला आले. पुढे त्यांच्याकडून दरवर्षी आंब्याची पेटी येऊ लागली, आमच्याकडून ज्वारी आणि करडईचे तेल जाऊ लागले. माझ्या वहीची गोष्ट कळल्यावर त्यांचा फोन आला की आमच्या चुलत्यांचे घर आहे, येऊन बघा.

कळंब, येरमाळा, बार्शी, पंढरपूर, आटपाडी, विटा, कराड असे करत पहाटेचे निघालेले आम्ही चारच्या सुमारास पाटण ओलांडले. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर चहासाठी थांबलो, तेव्हा खालच्या धुरकट दरीकडे बोट दाखवून मी पत्नीला कोयनेचा धडा शिकवायला घेतला. कोयना खरे तर पूर्वेकडे, कृष्णेला जाऊन मिळणारी नदी. पण वीज करण्यासाठी तिचे पाणी बोगद्यांतून या पश्चिमेच्या उतारावर सोडतात आणि वीज करून झाली की ते वाशिष्ठीतून समुद्राला जाते. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असे सोडायला मुभा आहे. आमचे मांजरा धरण काठोकाठ भरले तरी त्यात आठ टीएमसीही मावत नाही. म्हणजे आठ मांजरा धरणे दरवर्षी या घाटातून उतरून खाऱ्या पाण्यात मिसळतात. आमच्याकडच्या सभांमधून हे पाणी गोदावरीच्या खोऱ्याकडे वळवण्याच्या घोषणा मी इतकी वर्षे ऐकत आलो आहे की त्यांचा आता कंटाळा येतो. पत्नीने सगळे ऐकून घेतले, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मग आपणच चाललोय की त्याच्या मागं." एवढे नेमके वाक्य मला बत्तीस वर्षांत वर्गात सुचले नाही.

जानेवारीतले ते चार दिवस, खरे सांगायचे तर, फार सुखाचे होते. सकाळी आगरातून जाताना ओल्या मातीचा आणि सोललेल्या सुपारीचा एक तुरट वास येई. आमच्याकडे जानेवारीची सकाळ म्हणजे ओठ फुटलेले, टाचांना भेगा आणि हुरड्याच्या आगटीचा धूर. इथे अंगाला तेल न लावताही कातडी मऊ होती. काकांनी मला भरतीचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, मग वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. चंद्राचे आकर्षण, रोजचा पन्नास मिनिटांचा उशीर हे सगळे मी शिकवले होते, पण तो सगळा धडा या माणसाने एका पाऊणकीत बसवला होता. काकूंनी कुळथाची पिठी केली तेव्हा पत्नीने पहिला घास घेऊन डोळे मोठे केले, कारण ते आमच्या हुलग्याचे माडगेच होते. फक्त खोबरे घालून सोवळे झालेले. आणि त्या गावात मला कुणी ओळखत नव्हते. अंबाजोगाईत मंडईत गेलो तरी चार ठिकाणी मोटारसायकली थांबतात, "सर, ओळखलं का?" असे विचारतात आणि नाव आठवेपर्यंत मला हसत उभे राहावे लागते. इथे मी एक म्हातारा होतो आणि किनाऱ्यावरून चाललो होतो. सहा किलोमीटरची सरळ पुळण आणि तीवर मी कुणाचाही सर नव्हतो.

घरही आवडले. ओटी, माजघर, मागे-पुढे पडवी, दारांना पितळी बिजागऱ्या, कारण लोखंड इथे टिकत नाही. कागद मात्र किचकट होते. शेतजमीन घ्यायला आधी स्वतः शेतकरी असावे लागते. वडिलांच्या मागे दोन एकर माझ्या नावावर राहिले आहेत, त्यामुळे ती अडचण नव्हती. पण सात-बाऱ्यावर सतरा नावे होती, त्यांतली निम्मी मुंबईत आणि दोघे कुठे आहेत हे कुणालाच माहीत नव्हते. इतर हक्कांत कुणा जुन्या कुळाचे नाव होते ते वेगळेच. शिवाय सीआरझेडचा कायदा भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत पाहत असतो आणि अशा विरळ वस्तीच्या गावात पहिल्या २०० मीटरांत नवी भिंत घालायची सोय जवळपास नाहीच. जुने आहे ते दुरुस्त करून राहावे, एवढेच. हे सगळे निस्तरता आले असते. पुण्यातली मुलगी म्हणाली, "मला काय, तुम्ही इकडं असा का तिकडं, सहा-सात तासच लागणार." काका किंमत वाजवी सांगत होते. आमचे जवळपास ठरलेच होते.

मग मला आबांचे शब्द आठवले. माझे वडील फार शिकलेले नव्हते. दुष्काळानंतर काही वर्षांनी शेजारच्या शिवारातली विहिरीसकट जमीन विकायला निघाली तेव्हा विकणाऱ्याने त्यांना कार्तिकात बोलावले. आबा गेले नाहीत. "कार्तिकात कुणाच्याबी विहिरीला पाणी असतंय," ते म्हणाले, "विहीर बघावी वैशाखात." वैशाखात गेले, विहिरीत उतरले आणि तळातल्या झऱ्याला हात लावून, काही न बोलता वर आले. ती जमीन आम्ही घेतली नाही.

म्हणून आम्ही मे महिन्यात पुन्हा गुहागरला गेलो.

या वेळी विहिरीत डोकावल्यावर चेहरा दिसला नाही. खोल तळाशी आकाशाचा रुपयाएवढा तुकडा दिसला. पाणी मचूळ लागत होते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचा उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते, हेही मी शिकवलेले होते. वरच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाडीला टँकर सुरू झाला होता आणि रस्त्याकडेला निळी पिंपे रांगेने उभी होती. ती रांग पाहून आम्ही दोघेही गाडीत गप्प झालो. कोकणात अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे बरा झाला तर सात-आठशे. पण जांभा दगड चाळणीसारखा, उतार उभा आणि समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर, त्यामुळे पडलेले पाणी थांबतच नाही. पाणी पळूनच तर जाते. मी हे काकूंना म्हणालो नाही. त्यांच्याकडचा नळ आता दिवसाआड येत होता आणि त्या त्याने गांजून गेल्या होत्या. किती भरावे, कशात भरावे, काय आधी धुवावे याचा त्यांना अंदाज येत नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मला भांड्यांचा आवाज आला. उठून पाहतो तो पडवीत पातेली, कळशा, हंडे, स्वयंपाकघरातली बरणीसुद्धा ओळीने भरून ठेवलेली आणि पत्नी शेवटच्या घागरीवर स्वच्छ फडके बांधते आहे. काकू दारात उभ्या होत्या. जानेवारीतले वाक्य त्यांना आठवले की नाही, कोण जाणे. पत्नीला मात्र ते आठवत असावे, कारण त्या सकाळी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते समुद्र पाहताना कधी आले नव्हते. मला ते पाहून थोडी लाज वाटली आणि थोडा अभिमानही.

उकाड्याचे काही सांगू नये. पारा तेहतिसाच्या पुढे नाही आणि आम्ही बेचाळीस-त्रेचाळीसची माणसे, तर याला उन्हाळा कोण म्हणणार, अशा तोऱ्यात मी होतो. आमचा उन्हाळा भाजतो, हा शिजवतो. माझ्या डोक्यात तर इथेही आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणावा असे होते. काकांनी हसून सांगितले, "तो इथे पाणी उडवण्यापलीकडे काही करणार नाही." बरोबरच होते. हवा आधीच ओली असेल तर पाण्याची वाफ व्हायची कशी आणि गारवा यायचा कुठून? माठही त्यामुळे इथे आमच्यासारखा गार होत नाही. रात्री घामाने जाग आली की मला आमच्या जुन्या घराच्या माळवदावरच्या रात्री आठवत. बारा वाजेपर्यंत तापलेले असे, पण त्यानंतर जी कोरडी झुळूक येई तिने अंगावर गोधडी ओढून घ्यावी लागे. त्या माळवदाच्या मातीचे वजन १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीकडच्या माणसांच्या छातीवर आले, हे आठवले की ती झुळूकही निर्मळ राहत नाही. प्रत्येक गावाला आपापली भीती असते. आमच्या घरात अजून जमीन हलल्याचा भास होऊन कुणी तरी उठते. त्यांच्या घरात वारा जरा चढला की काका खिडक्यांचे आडणे तपासतात.

आषाढात गेलो ते तिसऱ्यांदा, आणि शेवटचे. दहा दिवस राहिलो. सूर्य एकदाच, पाऊण तास दिसला. वाडीतल्या आठ घरांपैकी पाच बंद होती. ती माणसे गणपतीला येणार, मग शिमग्याला. वीज गेली की दीड-दोन दिवस नसे. मिठाच्या बरणीत पाणी सुटले, माझ्या पाकिटातल्या नोटा एकमेकींना चिकटल्या, बॅगेची साखळी गंजून हलेनाशी झाली. पत्नीने बरोबर आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापल्या. आमच्याकडे तव्यावरून उतरलेली भाकरी उभी करून ठेवली की पापुद्रा कडक होतो आणि दुसऱ्या दिवशीही ती कुरकुरीत मोडते. इथे तासाभरात ती चामड्यासारखी वातड झाली. तिने ती पुन्हा तव्यावर टाकली, चुलीच्या कडेला उभी केली, शेवटी दोरी बांधून धुरावर टांगली. भाकरी टांगलेली पाहून काका पोट धरून हसले. ती हसली नाही. दोन्ही हातांनी एक भाकरी मोडून पाहिली, ती वाकली पण मोडली नाही, तेव्हा तिने ती हळूच दुमडून गाईला घातली.

आणि तरीही तो आषाढाचा समुद्र! त्याच्याबद्दल खोटे सांगवत नाही. जानेवारीतला तो निळा, शहाणा समुद्र कुठल्या कुठे गेला होता. मातकट, करडा, क्षितिजापर्यंत फुटत आलेला, आणि त्याचा आवाज घराच्या भिंतींतून, जोत्यातून, झोपलेल्या माणसाच्या बरगड्यांतून येत होता. छत्री मोडून गेल्यावर मी सुरूच्या बुंध्याला धरून तासभर तिथे उभा राहिलो होतो. मायला हे दाखवायला हवे होते असे वाटले, आणि नको होते असेही वाटले. तिने नाथसागराला जसे हात जोडले तसे याला जोडले नसते, ती घाबरून मागे सरली असती.

सातव्या दिवशी संध्याकाळी काका विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. पाय मुरगळला की मोडला कळेना. चिपळूणला न्यायचे ठरले. अंतर पंचेचाळीस किलोमीटरचे, पण एके ठिकाणी झाड आडवे पडले होते, ते करवतीने तोडून बाजूला करेपर्यंत आम्ही गाडीत बसून राहिलो. आमच्या गावात स्वारातीचा, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचा, मोठा दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर आहे. खेड्यापाड्यांसाठी उभारलेले आशियातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते, आणि आम्ही आयुष्यभर त्याच्या गर्दीला नावे ठेवत आलो. त्या रात्री वायपरच्या फटकाऱ्यांकडे पाहत मी मनातल्या मनात त्याच्या पायऱ्या मोजत होतो. काका मागच्या सीटवर पाय आडवा टाकून बसले होते. कळ दाबत, बोलायचे म्हणून ते बोलत होते. "गुडघे तर आधीच गेलेत हो. पावसाळ्याचे चार महिने उठताबसता देव आठवतो. तुमच्याकडे आलो की आठ दिवसांत मोकळे होतात बघा. कोरडी हवा ना." हाड मोडले नव्हते, एवढे नशीब. परतीच्या वाटेवर आम्ही दोघांनीही घराचा विषय काढला नाही आणि काकांनीही पुढे कधी विचारले नाही. वहीत गुहागरच्या पानावर मी काही लिहिले नाही. ते पान फाडलेलेही नाही.

योगेश्वरीचे नवरात्र आश्विनात नव्हे, मार्गशीर्षात असते. या वर्षी काका-काकू त्यासाठी आले आणि पौर्णिमेनंतरही आमच्याकडे आठ दिवस राहिले. काका सकाळी गच्चीवर उन्हात सतरंजी टाकून बसत, धोतर गुडघ्यांच्या वर घेऊन करडईचे तेल चोळत आणि दुपारपर्यंत खाली येत नसत. एके दिवशी मी चहा घेऊन वर गेलो, तेव्हा ते कठड्याला धरून शेजारच्या रिकाम्या प्लॉटकडे पाहत उभे होते. "इथे जागेचा काय भाव चाललाय हो सध्या?" त्यांनी विचारले. चेष्टा होती की खरेच विचारत होते, ते मला कळले नाही. बहुधा त्यांनाही कळले नसावे. मी म्हणालो, "वैशाखात एकदा येऊन राहा, मग बोलू." ते हसले आणि पुन्हा तेलाच्या वाटीकडे वळले.

खाली काकू हात धुवायला मोरीत गेल्या होत्या. आमच्या टाकीच्या नळाचा वायसर झिजला आहे, त्यामुळे कितीही पिळला तरी एक थेंब राहतोच. त्यांनी तो दोनदा पिळला, क्षणभर थांबल्या, मग इकडेतिकडे पाहून फळीवरचा तांब्या काढला आणि नळाखाली ठेवला.